आडवे सर

एसटीच्या शेवटच्या लांब बाकावर सर आडवे व्हायचे, डोळे मिटायचे, दोन्ही हात पोटावर घ्यायचे, आणि कंडक्टर माझ्याकडे बघायचा. दर वेळी माझ्याकडेच.

"बाई, यांना काय झालंय?"

"काही नाही. काम चाललंय त्यांचं."

"कसलं काम?"

यावर काय बोलणार? धडधाकट माणूस भर दुपारी बाकावर पसरून काम करतो, हे पेण–रोहा मार्गावरच्या कुठल्या कंडक्टरला पटेल? एकाने तर नागोठण्याच्या स्टँडात गाडी थांबवली आणि डॉक्टरला आणायला स्वतः धावला. सर ताडकन उठून बसले, ते चिडूनच. "मध्येच कशाला थांबवली? खिंडीतले हिसके मला सलग हवे होते!" गाडीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघत बसले. त्या नोकरीत मी खिडकीबाहेर फार बघितलं.

सर आरोग्यसेवेच्या नियोजनाचे सल्लागार होते. दवाखाना कुठे असावा, केवढा असावा, त्यात काय असावं आणि मुख्य म्हणजे काय नसावं, हे सांगण्याचे लोक त्यांना पैसे देत. स्वतः डॉक्टर, पण शिक्षण संपल्यानंतर त्यांनी एकाही पेशंटला हात लावला नव्हता, आणि हे ते अभिमानाने सांगत. आईला मी हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दवाखान्याचा वास्तुशास्त्रवाला." मला वाटलं सरांना झोंबेल, म्हणून मुद्दाम जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "वास्तुशास्त्रवाला निदान जागेवर येऊन बघतो तरी."

मोबाइल अजून कुणाच्या हातात आलेले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. मुंबईच्या एका श्रीमंत धर्मादाय संस्थेला पेण ते रोहा या पट्ट्यात बाळंतपणाचं एक केंद्र बांधायचं होतं. शस्त्रक्रियेची सोय असलेलं, चांगलं. पण एकच. ते कुठे बांधायचं हे ठरवायचं काम मुंबईच्या एका सल्लागार कंपनीला मिळालं, कंपनीने सरांना पुण्याहून बोलावून घेतलं, आणि त्यांच्या हाताखाली स्थानिक माणूस म्हणून मला घेतलं. मी पेणची, समाजकार्याची पदवी नुकती घेतलेली, पहिलीच नोकरी. रोह्याला दोन खोल्यांचं ऑफिस. कंपन्यांच्या शिफ्टचा भोंगा झाला की खिडकीची काच थरथरायची आणि सर जमिनीवरून म्हणायचे, "चहा." जमिनीवरून, कारण ऑफिसातही ते खुर्चीवर क्वचितच बसत.

"निर्णय घेणारा बसलेला असतो," ते म्हणायचे, "आणि ज्याच्यासाठी निर्णय घ्यायचा तो आडवा असतो. सगळा घोटाळा तिथेच होतो." म्हणून मग ज्यातून ज्यातून रोगी दवाखान्यात येतो त्यातून त्यातून सर आडवे होऊन यायचे. एसटीत, सहाआसनी रिक्षात, बैलगाडीत, एकदा वीटभट्टीच्या ट्रकमध्ये. मी बाजूला त्यांची चप्पल सांभाळत. येणारे जाणारे हळहळायचे. एका म्हातारीने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "रडू नको गो, बापाचा वय झालाच व्हता." बाप डोळे न उघडता म्हणाला, "अहो पेण, चढ सुरू झाला का बघा."

हे 'अहो पेण' म्हणजे मी. सर कुणाला नावाने हाक मारत नसत. पहिल्या दिवशी माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "अचानक पोटात दुखायला लागलं तर तुम्हाला कुठे नेतील?" मी म्हटलं, पेणच्या सरकारी दवाखान्यात. "मग तुम्ही पेण." झालं, बारसं उरकलं. आमच्या जीपचा ड्रायव्हर 'अहो रोहा'. कंपनीचे मुंबईचे साहेब 'अहो बॉम्बे', आणि तेही तोंडावर. भर बाजारात "अहो पेण, अहो रोहा, चला!" अशी आरोळी आली की लोकांना वाटायचं हे गाडीत सीटा भरतायत. दोन पोरी एकदा खरंच येऊन बसल्या.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. हमरापूरचा आजारी माणूस पेणला कशाने येतो, असं सरांनी विचारलं. गावातल्यांनी सांगितलं, "जो टेम्पो गावंल त्यानं." सरांनी तेवढंच ऐकलं. समोरून मूर्तींनी भरलेला टेम्पो येत होता, त्याला हात केला आणि पेंढ्यात दोन गणपतींच्या मधे आडवे झाले. मूर्तीवाला बिचारा हात जोडून म्हणत होता, "सायेब, देव बसल्यात नि तुमी निजताव, बरा नाय दिसत." सर म्हणाले, "देवाला बरं नसतं तर तोही निजला असता." वाटेत एक खड्डा असा आला की सरांचं कोपर उडालं आणि एका मूर्तीचं बोट गेलं. खंडित मूर्ती कोण घेणार? मूर्तीवाला रडकुंडीला आला. सर त्याला सांगत बसले की चूक खड्ड्याची आहे, बांधकाम खात्याकडे मागा. शेवटी पैसे मी दिले आणि मूर्तीचं विसर्जनही मीच केलं. सरांनी त्या दिवशीचं टिपण एका ओळीत संपवलं: हमरापूर ते पेण या रस्त्याने हाड मोडलेला माणूस आणू नये, त्याचं दुसरंही मोडेल.

'साधारण' हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. "साधारण अर्ध्या तासात पोचतो" असं कुणी म्हटलं की ते विचारायचे, "तुम्ही साधारण मरता का?" 'सरासरी'चा राग त्याहून जास्त. "नकाशाला धाप लागत नाही" हे त्यांचं आणखी एक वाक्य. हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की मला धाप लागायची.

आता त्या प्रश्नावलीचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

घरोघर विचारायचे प्रश्न मुंबईच्या ऑफिसात तयार झाले होते, मूळ इंग्रजीत. कुणीतरी त्यांचं हिंदी वळणाचं मराठी करून आमच्याकडे पाठवलं. आपण रोग्याला दवाखान्यात 'दाखल' करतो; त्यांनी लिहिलं होतं 'भरती'. पेणमध्ये, रोह्यात, हमरस्त्यावरच्या गावांत काही अडलं नाही. 'भरती होण्यास किती वेळ लागतो?' अर्धा तास, तासभर, गाडी मिळेल तसं. पण धरमतरच्या बाजूला खारेपाटात, खाडीला लागून असलेल्या एका गावात आम्ही गेलो. भातशेती आणि मिठागरावर जगणारी माणसं. त्यांना भरती एकच माहीत, दिवसातून दोनदा येणारी.

"भरती व्हायला? सा तास," पहिल्या घराने सांगितलं. दुसऱ्या घराने तेच. सगळ्या गावाने तेच. एकाने कीव येऊन समजावलं, "उधानाची भरती बघा बाय. भांगंच्या भरतीला काय दम नाय." भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती; उधाण अमावास्या-पौर्णिमेचं. पुढचा प्रश्न होता, भरतीच्या वेळी सोबत कोण असतं? एका आजोबांनी विचार करून सांगितलं, "कोन आसनार? चिंबोऱ्या." म्हणजे खेकडे. शेवटचा प्रश्न, भरती नाकारली गेली का? ते माझ्याकडे बघतच राहिले. "भरती कोन नाकारनार गो? ती येतेच."

मुंबईहून निरोप आला: उत्तरं निरर्थक आहेत, हे गाव वगळा. मलाही तेच बरं वाटलं असतं, पण म्हटलं, एकदा 'दवाखान्यात दाखल' असं नीट लिहून पुन्हा विचारून येऊ. सर ऑफिसात जमिनीवर पडले होते. त्यांनी मला ती सगळी उत्तरं वाचायला लावली. चिंबोऱ्यांसकट. मग पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "शब्द बदलू नका. हे खरं बोलतायत."

"अहो सर, ते समुद्राबद्दल बोलतायत!"

"दवाखान्याबद्दलच बोलतायत. त्यांना माहीत नाहीये एवढंच. उद्या मला तिथून झोळीतून आणायचं."

आलिया भोगासी. दुसऱ्या दिवशी आम्ही ओहोटीला त्या गावात गेलो. गावाला यायची वाट एका जुन्या बांधावरून होती आणि तो बांध मधेच फुटलेला होता. त्या फुटलेल्या जागेला खांड म्हणतात. ओहोटीला तिथून गुडघाभर चिखलातून पार होता येतं. भरती चढू लागली की पाणी असं ओढीने आत घुसतं की होडी घालायलाही कुणी धजत नाही. जिवंत माणसाला विनाकारण झोळीत घालायला गडी तयार होईनात, अशुभ म्हणून. मग हिराबाय नावाच्या एका ठसक्याच्या बाईने आपल्या मुलाला पुढे केलं. "घाल रे सायबाला झोलीत. त्याची हौस फिटूंदे."

चौघांनी सरांना उचललं. सर वजनदार. हिराबाय आणि मी मागून. खांडीपाशी आलो आणि सर झोळीतूनच ओरडले, "थांबा! कळा आलेली बाई इथे आली आणि भरती असली तर काय करतात?"

गड्यांनी झोळी खांद्यावर जरा सावरली. मग हिराबाय म्हणाली, "बसतात. माजी सून बसली व्हती गेल्या साली. सुगंधा. त्या दगरावर. पानी उतरायची वाट बगीत. पोर हितंच झाली नि हितंच गेली."

उलट प्रश्न विचारायची सरांची खोड होती. 'किती वाजता?' 'सोबत कोण?' मी मनातल्या मनात देवाला हात जोडले, की आता तरी यांनी गप्प बसावं. आणि ते गप्प बसले. झोळी हलत होती, ते वर आभाळाकडे बघत होते. परत गावात आल्यावर हिराबायने सुनेला चहा घेऊन बाहेर बोलावलं. बारीक अंगाची, विशीबाविशीची मुलगी, आणि तिला पुन्हा दिवस गेलेले. पोट दिसत होतं. सरांनी कप घेतला आणि अडखळले. तिला कुठल्या दवाखान्याच्या नावाने हाक मारायची? "सुगंधाबाई," ते म्हणाले. कुणाला नावाने हाक मारताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

त्या दिवसापासून सरांच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. सुगंधाचे दिवस कधी भरतात आणि तेव्हा उधाण आहे की भांग, हा एकच हिशेब. ऑफिसच्या भिंतीवर तिथींचं पंचांग लागलं. मुंबईचे साहेब फोनवर विचारायचे, अहवाल कुठे आहे, तर सर सांगायचे, "अमावास्या वाईट पडतेय."

साहेबांनी जागा आधीच ठरवून ठेवली होती. खांब या गावी, मुंबई–गोवा हमरस्त्याला लागून एक जमीन फुकट मिळत होती. नकाशावर मधोमध. येणाऱ्या जाणाऱ्याला पाटी दिसली असती. सरांनी फक्त सही करायची होती, तीही विश्वस्तांच्या बैठकीआधी; नाही तर पैसे दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होते. सर म्हणाले, "कळा आलेली बाई पाटी वाचायला जाते का?" खांबच्या माणसाला रस्ता आहे, गाडी आहे, रोहा आहे. त्या सुगंधाबाईला काय आहे? मी म्हटलं, मग खाडीकाठी बांधा म्हणून लिहा. तर म्हणाले, तिथे नर्स टिकणार नाही, वर्षभरात त्या इमारतीत शेळ्या बांधतील. माझं टाळकं सरकलं.

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

"पेणला दोन भाड्याच्या खोल्या. एक चूल. एक शहाणी म्हातारी. दिवस भरत आले की बायकांनी ओहोटी बघून यायचं आणि तिथे राहायचं. कळा आल्या की सरकारी दवाखाना जवळच आहे. इमारतीची गरजच नाही."

इमारत बांधायला निघालेल्या लोकांना हा माणूस इमारत नको म्हणून सांगणार होता. आणि वाईट हे, की बरोबर सांगत होता. बरोबर असलेल्या माणसासारखा वैताग दुसरा नाही. चुकणाऱ्याला निदान चार शब्द सुनावता येतात.

तरी मी म्हटलं, विश्वस्तांना नीट पटवून सांगू. तीन विश्वस्त मुंबईहून यायचे होते: दोन वयस्क शेठ आणि एक बाई, पांढऱ्या शुभ्र कपड्यांतल्या. मी तक्ते तयार केले. पेणच्या विश्रामगृहात चहा-फराळ सांगून ठेवला. सरांनी मात्र सगळ्यांना सकाळी थेट त्या गावात नेलं. ओहोटीला. पाहुण्यांनी चपला हातात घेऊन, हसतखेळत खांड ओलांडली. बाई तर म्हणाल्या, किती सुंदर आहे हो हे सगळं. हिराबायच्या अंगणात सर बोलायला लागले. एरवी दोन वाक्यांवर तिसरं न बोलणारा माणूस, त्या दिवशी थांबेचना. खारजमिनीचा इतिहास, मिठागरांचा इतिहास, जगभरची बाळंतपणं. मी घड्याळाकडे बघितलं, मग ऑफिसच्या भिंतीवरच्या पंचांगाची आठवण झाली. धावत बांधावर गेले. खांड भरली होती.

त्यांनी विश्वस्तांना भरतीत अडकवलं होतं. मुद्दाम. ठरवून.

पुढचे तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. अंगणात वाळत घातलेल्या सुक्या बोंबलांचा वास, पाहुणे तिघंही शाकाहारी. हिराबायने तांदळाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला, तो त्यांना सोसेना. थोरल्या शेठजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या पलीकडे गाडीत राहिल्या होत्या. ते घाबरून तसं म्हणाले, तर सरांचा चेहरा उजळला. "उत्तम!" सर म्हणाले. "अगदी असंच होतं!"

त्या क्षणी मी त्यांना खाडीत ढकललं असतं. शेठजींना काही झालं नाही, देवाची कृपा. पाणी उतरलं तशी मंडळी चपलांसकट चिखल तुडवत पलीकडे गेली, गाडीत बसली आणि निघून गेली. पुढच्या आठवड्यात कळलं, काम रद्द. पैसे दुसऱ्या जिल्ह्याला. खांबला काही नाही, पेणला काही नाही, कुणालाच काही नाही. रोह्याच्या ऑफिसला कुलूप लागलं आणि माझी नोकरी गेली.

"तुम्ही नीट समजावलं असतं तर कदाचित ऐकलं असतं त्यांनी," मी सरांना म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"समजावलं की. पूर्ण भरती समजावलं."

दुसरा कुणी असता तर पुण्याला निघून गेला असता. सर परत त्या गावात गेले, आणि नोकरी गेली तरी मलाही ओढून नेलं. हिराबायला म्हणाले, सुनेला पंधरा दिवस आधीच पेणला न्या. बायका जमल्या होत्या, सगळ्या हसायला लागल्या.

"कुटं न्या? कुनाच्या दारात?" हिराबाय म्हणाली. "सायेब, पोर बालतपनाला जाते ती आयशीच्या घरा. नायतर आपल्या घरा. परक्याच्या खोलीत कोन बसल? लोकां काय म्हनतील?"

"मग आईकडे पाठवा."

"तिची आयस खारीच्या पल्याड. तिकरं याच्याहून वाईट. नि आयस तरी कुटं हाय, मेली ती."

सगळी आडवी वाहनं झाली होती, झोळी झाली होती, आणि माहेर या गोष्टीचा सरांना पत्ताच नव्हता. त्यांच्या त्या दोन खोल्या आणि शहाणी म्हातारी तिथल्या तिथे कोसळली. मला, खरं सांगते, जरा बरं वाटलं. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले.

"अहो पेण, तुमची आई घरीच असते ना?"

आईचं आणि सरांचं आधीच बिनसलं होतं. पहिल्यांदा घरी आले तेव्हा ते नेहमीप्रमाणे आडवे झाले, ते ज्या खाटेवर आईने पोह्याचे पापड वाळत घातले होते त्या खाटेवर. त्यामुळे त्यांना दारात बघितल्यावर तिने आधी पापड उचलले. मग सरांनी तिला काय हवं ते सांगितलं. एक मुलगी आहे, तिला आई नाही. तुम्ही तिथे जाऊन तिची ओटी भरायची, म्हणजे ती तुमची लेक झाली, म्हणजे ती बाळंतपणाला इथे येऊ शकते. एखाद्या कार्यालयाची कामाची पद्धत सांगावी तसं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही परस्पर मला मुलगी केलीत?" आई म्हणाली.

"तात्पुरती."

"लेक तात्पुरती असते का हो?" आई कडाडली. "एकदा ओटी भरली की दिवाळी आली, सणवार आला, नाती आल्या! कळतं का काही तुम्हाला?"

"नाही," सर म्हणाले. "मला हे काहीच माहीत नव्हतं. म्हणून तर तुमच्याकडे आलो."

बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "जाऊन ये." आई दोन दिवस धुसफुसली. मग तिने खण काढला, नारळ घेतला, तांदूळ घेतले, आणि ओहोटी विचारून घेऊन माझ्याबरोबर चिखल तुडवत गेली. हिराबायच्या अंगणात पाट मांडला. सुगंधाने पदर पुढे केला. आईने ओटी भरली आणि म्हणाली, "चल बाई घरी."

अशी सुगंधा आमच्या पेणच्या घरात आली. तिच्या मागून पुढे आणखी कितीजणी आल्या आणि आईला किती लेकी झाल्या, ते सांगत बसले तर संपायचं नाही. सुगंधा पहिले दोन दिवस भिंतीला टेकून बसून राहिली. तिसऱ्या दिवशी आईच्या हातातलं लाटणं घेऊन म्हणाली, "मना द्या, नुसता बसून पाय सुजतात." सर पुण्याला गेले होते, पण त्यांचे फोन चालूच. वेळ काळ काही नाही. पायावर सूज किती? जेवते का? रात्री झोप लागते का? मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, तुम्ही पेशंट बघत नाही ना?" तर म्हणाले, "बघत नाहीच. विचारतोय." आणि मग हळूच, "ती घाबरलीय का?"

घाबरलीच होती. मधेच काम टाकून खिडकीशी जायची. खाडी आमच्या घरातून दिसत नाही. तरी ती बघायची.

एका सकाळी पुण्याहून फोन आला, तो सरांच्या बहिणीचा. सर गेले. दात घासताना, उभ्या उभ्या. बेसिनला धरायलाही सवड मिळाली नाही. मी फोन ठेवला आणि आईला माजघरात नेऊन सांगितलं. आई म्हणाली, "तिला आत्ता काही बोलू नकोस." मला पुण्याला जायलाच हवं होतं. शोकसभेला मोठमोठे लोक होते. कुणी म्हणाले द्रष्टा, कुणी म्हणाले ऋषितुल्य. मला उठून सांगावंसं वाटत होतं की हा माणूस अशक्य होता, याने माझी नोकरी घालवली, याने माझ्या आईला परस्पर एक लेक करून दिली. बोलायची वेळ आली तेव्हा मी उठले ती सरळ बाहेर पडले. मिळाली ती गाडी धरून परत आले.

घराला कडी होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, पहाटे कळा सुरू झाल्या, आईने रिक्षा बोलावून दवाखान्यात नेलं. मी तशीच पिशवीसकट धावले. आई दवाखान्याच्या व्हरांड्यात थर्मास घेऊन बसली होती. मला बघून तिने पहिले शब्द काढले ते असे: "मुलगी. दोघी बऱ्या आहेत."

आत सुगंधा भिंतीकडच्या खाटेवर होती. चेहरा उतरलेला, पण डोळे हसत होते. मला म्हणाली, "ताई, सायबांना फोन लावा. सांगा, सगला नीट झाला. पोरगी रडली, मोट्यानं रडली. सांगा हां, नायतर येतील नि हितंच लादीवर आडवं पडून इचारीत बसतील."

"सांगते," मी म्हणाले.

आई दारातून माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली, आज नको. मी पोरीला उचलून घेतलं. जेमतेम हातभर, लालबुंद, कपाळाला आठी. आणि मला त्या माणसाचा इतका राग आला, इतका राग आला की रडूच फुटलं. सगळ्या जगाला आडवं जाऊन एवढं सगळं घडवून आणायचं आणि बघायला मात्र थांबायचं नाही, ही कुठली रीत झाली?